फरशी ओली कापू द्या

संपादक महोदय,

'दुपारी दोन ते चार मशिनचा आवाज करू नये' अशी पाटी बहुतेक सोसायट्यांत दिसते. धुळीबद्दलची पाटी मी 28 वर्षांत पाहिलेली नाही. मी पुण्यात फरशीची आणि किचन ओट्याची कामं करतो.

ग्रॅनाइट कापताना ब्लेडवर पाण्याची धार हवी, हे कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असतं. ब्लेडही जास्त टिकतं. तरी फ्लॅटमध्ये आम्ही कोरडंच कापतो. पाणी सोडलं की जिन्यात चिखल होतो, खालच्यांच्या छताला ओल येते, तक्रार मालकाकडे जाते. मग दार लावून घ्यायचं. धूळ बाहेर जात नाही. आत आम्ही असतोच.

माझ्या जोडीदाराला खोकला लागला, अंग उतरलं. टीबी समजून सहा महिने गोळ्या घेतल्या. गोळ्या संपल्या, खोकला तसाच. पुढे एका डॉक्टरने 'काम काय करता?' म्हणून विचारलं, तेव्हा सिलिकोसिस हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. दगडातली सिलिकाची धूळ डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असते. ती फुप्फुसात बसते, तिथे वण पडतात. काम सोडलं तरी आजार वाढू शकतो आणि तो बरा करणारं औषध नाही. आता जोडीदार गावी असतो. आडवा झाला की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकून झोपतो.

आमचा उपाय म्हणजे नाकाला ओला रुमाल आणि संध्याकाळी मुकादमाने दिलेला गुळाचा खडा. गुळाने धूळ उतरते म्हणे! गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

हल्ली पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्याची हौस आहे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण तिसरा हिस्सा, या कारखान्यात बनवलेल्या दगडात बहुतेकदा 90 टक्क्यांवर. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. बंदी मागायला मी निघालेलो नाही, माझंही पोट त्यावरच आहे.

मागणं सोसायट्यांकडे आहे. कामाची परवानगी देताना आवाजाच्या वेळा लिहिता, त्याच कागदावर लिहा की दगड खाली, नळाजवळ, पाणी सोडूनच कापायचा. सिंकच्या खाचेचं माप घेऊन ती खाली कापता येते. वर थोडं घासायचं उरतं, तेही ओलं करून. मालकांनी एन-95 मास्कचे पैसे बिलात धरू द्यावेत. आणि कापून झाल्यावर 'जरा झाडून घ्या' म्हणू नका, आधी बादलीभर पाणी द्या. झाडतात त्या आमच्या बिगारी बायका, आणि त्यांच्या नाकाला पदराशिवाय काही नसतं.

– एक फरशी मिस्त्री, हडपसर, पुणे