बाबा, इथे चढायचं नाहीये

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "डोंगर बघायला एवढं विमानाचं भाडं? आणि तेही हे गुडघे घेऊन?" मी नुसतं हं हं केलं. उत्तर लिहूनच देते, म्हणजे मध्येच फोन आईच्या हातात देता येणार नाही.

इटलीत तुरीन शहराहून गाडीने दोन-अडीच तासांवर ग्रान पारादीझोचं राष्ट्रीय उद्यान आहे. शिखर 4061 मीटरचं, ते आपण खालूनच बघायचं. मुक्काम कोन्य नावाच्या गावात. गावासमोर सांत ओर्सोचं मोठं गवताळ मैदान आहे, त्यावर बांधकामाला परवानगी नाही. बाकावर बसलं की समोर हिरवळ आणि तिच्यामागे थेट बर्फाचे डोंगर. गेल्या मे महिन्यात मी तिथे मुद्दाम तुमच्या चालीने चालले, बसायला कुठे कुठे जागा आहे ते बघत. हसू नका.

बाबा, तुमच्यासाठी खरी गोष्ट म्हणजे तिथले आयबेक्स. मोठे रानबोकड, नराची शिंगं मीटरभर लांब, मागे वळलेली आणि गाठीगाठींची. एके काळी शिकारीने आल्प्समधून ते जवळजवळ संपलेच होते. त्यांच्या काळजातल्या क्रूसासारख्या हाडाचा लोक ताईत करत. शेवटचा कळप उरला तो इथे. 1856 मध्ये राजा व्हित्तोरिओ एमान्युएले दुसरा याने हा मुलूख स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला. म्हणजे जनावर वाचलं ते शिकाऱ्याच्याच हौसेपायी! पुढे राजघराण्याने जमीन सरकारला दिली आणि 1922 मध्ये इटलीचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा चोरट्या शिकारी झाल्या, 1945 मध्ये जेमतेम 419 आयबेक्स उरले होते.

उन्हाळ्यात ते उंच कड्यांवर जातात. पण वसंतात, वर बर्फ असताना, कोवळ्या गवतासाठी खाली दरीत उतरतात. व्हालनोंते या वस्तीजवळ, कोन्यपासून तीनेक किलोमीटरवर, संध्याकाळी मला सहा दिसले. एक म्हातारा नर कुरणात बसून रवंथ करत होता, डोळे अर्धे मिटलेले, जेवणानंतर झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांसारखा. मी बघत राहिले आणि शेवटची बस चुकली. पावसात चालत परतले. तुमच्यासोबत मात्र बसचं वेळापत्रक खिशात ठेवीन.

दुसरं ठिकाण लिल्लाचा धबधबा. स्पेलिंगच्या शेवटी झेड आहे, पण इथे तो उच्चारत नाहीत. लीलामावशीला सांग. गावापासून थोडं चालायचं, पहिला टप्पा दिसतो तिथेच आपण थांबायचं. मे अखेरीला बर्फ वितळत असतो, त्यामुळे पाण्याला जोरही तेव्हाच.

आई, तुझ्यासाठी लेस. गावातल्या बायका लांबट गोल उशीवर टाचण्या टोचून लाकडी दांड्यांनी ती विणतात. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लुनी मठाच्या जोगिणींकडून ही कला आली, असं सांगतात. कागदावर नक्षी नसते, आईकडून लेकीकडे जाते ती हातातूनच. मी दहा मिनिटं बघत उभी होते. दांड्यांचा टकटक आवाज सारखा चालू आणि बाईंचं लक्ष शेजारणीच्या गप्पांत. तुझं क्रोशाचं तोरण आठवलं. तुझी सुई बरोबर आण, भाषा लागणार नाही.

व्हालनोंतेमध्येच 1955 सालची आल्पाइन फुलांची बाग आहे, पारादीझिया नावाची. पण ती उघडते जूनमध्ये. मे की जून, यावर मी बराच विचार केला आणि बाबांच्या बोकडांच्या बाजूने निकाल दिला. भांडायचं तर माझ्याशी भांड.

जेवणाचं सांगते. इथलं खास सूप भात, पाव आणि फोंतीना चीज घालून करतात. ऐकायला आपल्या मऊ भातासारखं, पण त्यात मांसाचं पाणी असतं, तेव्हा तुम्हाला चालणार नाही. मेतकूट आणा, भात मी शिजवीन. मेकुलें नावाचा बेदाण्यांचा गोड पाव मात्र तुम्हाला आवडेल, चहात बुडवून.

येता-जाता रस्त्यालगत पोंडेलचा रोमन पूल आहे, इ.स.पू. 3 सालचा. खोल घळीवर उभा, पाणी नेण्यासाठी बांधलेला, आणि बांधल्याचं साल दगडावर कोरलेलं. बाबा, किल्ल्यावरचा शिलालेख दिसला की तुम्ही जसे अडकून पडता, तसं इथेही होणार. त्यासाठी एक तास जास्तीचा धरलाय.

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो रविवारपर्यंत पाठवा, व्हिसाची वेळ घ्यायची आहे. उंची पंधराशे मीटर आहे, तेवढं डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. आणि गुडघ्याचा पट्टा नवा घ्या, जुना पार सैल झालाय.

तुमची,
ताई