चाळीस अंशांची अट आणि भुसावळचा मे महिना

भुसावळ, दि. १० जून २०२४

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डोळ्यांच्या कोरडेपणासाठी घेतलेले मज्जातंतू उत्तेजक यंत्र चाचणीच्या मुदतीत बंद पडूनही पैसे परत न मिळाल्याबाबत.

महोदय,

मी भुसावळचा रहिवासी असून जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेबनीस आहे. हंगामात हवेत सतत उडणारी रुई, दिवसाचे आठ-नऊ तास संगणक आणि फेब्रुवारी सरला की सुरू होणारा कोरडा वारा यांमुळे गेली तीन वर्षे माझे डोळे चुरचुरतात. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांनी मोजले, तेव्हा ती उजव्या डोळ्यात ४ आणि डाव्या डोळ्यात ६ मिलिमीटरच भिजली होती. ती १० मिलिमीटरपेक्षा जास्त भिजायला हवी, असे त्यांनी सांगितले. दिवसातून पाच-सहा वेळा थेंब घालण्याचा कंटाळा आल्यामुळेच आपल्या जाहिरातीतील ‘थेंबांपासून कायमची सुटका, तीस दिवस वापरून पाहा, न पटल्यास पैसे परत’ या शब्दांवर विश्वास ठेवून मी २ एप्रिल रोजी १८,५०० रुपये भरले.

यंत्र ११ एप्रिलला हाती आले आणि १२ तारखेपासून मी त्याची वहीत रोजची नोंद ठेवली. ते चालत नव्हते असे मी म्हणणार नाही, कारण ते खोटे होईल. नाकाचे हाड संपून मऊ भाग सुरू होतो तेथे यंत्राचे टोक टेकवले, की पहिले दोन-तीन दिवस आधी शिंक यायची आणि मग अर्ध्या मिनिटात दोन्ही डोळे भरून यायचे. समोर घड्याळ धरून बसलेली माझी पत्नी त्यावर हसायची, पण डोळ्यांना थंडावा मिळायचा हे खरे. नाकाच्या त्या भागातील मज्जातंतू ट्रायजेमिनल या मोठ्या मज्जातंतूचा फाटा असून त्याला कंप मिळाला की मेंदूमार्फत अश्रुग्रंथीला निरोप जातो, कांदा न चिरताही पाणी येते ते यामुळे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. २२ एप्रिलला त्यांनी यंत्र लावून पुन्हा पट्टी घातली, तेव्हा उजव्या डोळ्यातील पट्टी १३ मिलिमीटरपर्यंत भिजली. मात्र हा आराम माझ्या नोंदीप्रमाणे पाऊण तासापलीकडे कधी टिकला नाही. माझ्या पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या आहेत. अश्रूंवर तेलाचा थर नसेल तर आलेले पाणी लवकर उडून जाते, त्यामुळे कोमट शेक आणि थेंब दोन्ही चालूच ठेवावे लागतील, असे डॉक्टरांचे मत पडले. ‘कायमची सुटका’ हे शब्द जाहिरातीत कोणाच्या सल्ल्याने घातले, हे कळले तर बरे होईल.

तरीही मी यंत्र परत करणार नव्हतो. ४ मे रोजी ते पाच-सहा सेकंद कंप देऊन बंद पडले आणि रात्रभर चार्जिंगला लावूनही लाल दिवा लुकलुकतच राहिला. ५ मे रोजी मी फोनवर तक्रार केली, आपल्या प्रतिनिधीने सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ पाठवला आणि ९ मे रोजी स्वतःच्या खर्चाने, २४० रुपये देऊन, यंत्र कुरिअरने रवाना केले. २७ मे रोजी ते तसेच बंद अवस्थेत परत आले. सोबत चिठ्ठी होती : यंत्र ४० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवल्यामुळे बॅटरी खराब झाली आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही, दुरुस्तीचा खर्च ६,२०० रुपये, आणि चाचणीचे तीस दिवस मागणी नोंदवल्यापासून मोजल्यामुळे २ मे रोजीच संपले.

ही ४० अंशांची अट ना खोक्यावर आहे, ना जाहिरातीत, ना बिलावर. ती आहे माहितीपुस्तिकेच्या १७व्या पानावर, बारीक इंग्रजी अक्षरांत. भुसावळात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, ही काही आमच्या घरची गुप्त गोष्ट नाही, वर्तमानपत्रात रोज छापून येते. आमचे घर पत्र्याचे आहे. पूर्वीच्या धाब्याच्या घरात राहिलो असतो तर कदाचित आपली अट पाळता आली असती. पुस्तिका वाचल्यावर मी यंत्र स्टीलच्या डब्यात घालून खाली माठाशेजारी ठेवत होतो, तिथला पारा दुपारी ३८ दाखवायचा आणि बाहेरच्या खोलीत ४२. याहून थंड जागा माझ्या घरात नाही. शिवाय आपण पाठवलेले पार्सल एप्रिलमध्ये येताना आणि मी पाठवलेले मे महिन्यात जाताना ज्या गाड्यांतून गेले, त्यांतील उष्णता कोणी मोजली, आणि बॅटरी माझ्याच घरी तापली हे कशावरून ठरवले, याचा चिठ्ठीत एका शब्दानेही उल्लेख नाही. जिथे ऊन, धूळ आणि वारा यांनी डोळे कोरडे पडतात तिथेच हे यंत्र विकायचे आणि बिघडले की त्याच उन्हाकडे बोट दाखवायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

मुदतीबद्दलही तेच. जी वस्तू हातात नाही ती वापरून कशी पाहायची? ११ एप्रिलपासून मोजल्यास माझी ५ मेची तक्रार पंचविसाव्या दिवशीची ठरते. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपल्या बिलावर मुदतीचा कोणताही उल्लेख नाही.

म्हणून एक तर १८,५०० रुपये व कुरिअरचे २४० रुपये परत करावेत, नाही तर नवे यंत्र द्यावे, त्याच्या चाचणीचे तीस दिवस पोचल्याच्या तारखेपासून धरावेत आणि आमच्याकडील उन्हाळ्यात ते वॉरंटीत राहील असे लेखी कळवावे. खरे सांगायचे तर मला दुसरा पर्याय अधिक पटतो, कारण पाऊण तासाचा का होईना, आराम होता. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जळगाव येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची सोय आता कायद्यातच असल्यामुळे मला आपल्या शहरापर्यंत यावे लागणार नाही.

माझे नाव, पत्ता व फोन क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत. बिल, आपली चिठ्ठी, कुरिअरची पावती, जाहिरातीचे छायाचित्र आणि १२ एप्रिल ते ४ मे या काळातील वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत. बंद पडलेले यंत्र माझ्याकडे आहे, अजूनही माठाशेजारीच.

कळावे,
आपला ग्राहक