रामशेजचा वेढा अजून उठलेला नाही

इंदिरानगर, नाशिक
रविवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलून गेलीस, की बंगळूरला आल्यापासून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ बंदच आहे, आणि आता नोकरी लागल्यावर फासे-बिसे घेऊन कुठे बसायचं. तेवढ्यात आईने घरभाड्याचा विषय काढला आणि ते तसंच राहिलं. मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. खेळ सोडू नकोस. परक्या गावात तर मुळीच नको.

वयाचं म्हणशील, तर हा खेळ काढणारे काही शाळकरी पोरं नव्हते. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, तेव्हा गायगॅक्स पस्तिशीतला, पोराबाळांचा माणूस होता. विम्याची नोकरी गेल्यावर तो घरी बूट दुरुस्त करायचा. पहिल्या हजारेक प्रती घरच्या घरी जुळवून खोक्यांत भरल्या होत्या. संसार सांभाळून त्याला जमलं, मग तुला शनिवारची संध्याकाळ काढायला काय हरकत आहे?

कंपनीत कुणी विचारलं तर मी सांगतो, एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. तो विचारतो, "आता तुम्ही काय करता?" तुम्ही सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग जिंकतं कोण?" कुणीच नाही म्हटलं की त्यांचा उत्साह मावळतो. आजीला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. तिचं माहेर पेठकडचं. ती म्हणाली, "म्हणजे बसल्या जागी बोहाडाच की!" बोहाड्यात रात्री मुखवटा चढवून रावण होणारा माणूस सकाळी आपल्या कामाला लागतो, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. अमेरिकेत 80च्या दशकात या खेळाने पोरं सैतानाच्या नादी लागतात म्हणून काही पालकांनी काहूर माजवलं होतं. आमच्या म्हातारीला चिंता एवढीच, की चिवड्याचे हात त्या कागदांना लागतील.

गेल्या दिवाळीत तू रामशेजचा डाव मांडलास, तो माझ्या डोक्यातून जात नाही. पेठ रोडने जाताना तो गड हजारदा पाहिला असेल. 1682 मध्ये मुघलांनी वेढा घातला आणि पुढे काही वर्षं गड हाती लागला नाही, हेही शाळेपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि "बाबा, गडावर लोखंडी तोफ एकही नाही, तुम्ही सुतार आहात, बोला" असं पोरीने तोंडावर विचारणं वेगळं. लाकूड कोरून वर कातडं चढवलेल्या तोफा गडावर होत्या असं मुघलांचा इतिहासकार खाफीखान सांगतो, म्हणजे समोरच्या गोटातलाच माणूस. मी कारखान्यातल्या टूलरूमचा माणूस, मी लाकडाची जाडी किती ठेवायची यावरच अडून बसलो. शेवटी तू वैतागून म्हणालीस, "बाबा, फासा टाका!"

आणि तो शेजारचा मुलगा. दुकानात सुटे पैसे परत मागायलाही त्याला कसंतरी होतं. त्याच्याकडे तू काम दिलंस दरवाजावर आलेल्या मुघल वकिलाला थोपवून धरायचं. तू विचारलंस आणि गप्प बसलीस. मला राहवेना, मी काहीतरी सुचवणार होतो, तर तू हातानेच थांबवलंस. पंखा फिरतोय, कोणी बोलत नाही. मग तो म्हणाला, "किल्लेदार जेवायला बसलेत. पंगत उठेपर्यंत थांबावं लागेल." सगळे हसले. त्याने फासा टाकला, आले तीन. वकील चिडून निघाला. तर हा पठ्ठ्या उठून उभा राहिला आणि म्हणतो, "उपाशी पाठवला म्हणून सांगाल का तुमच्या खानाला? या, पान वाढलंय." फासा फसला नसता तर ते वाक्य त्याला कधी सुचलंच नसतं.

तुला सांगतो, आमच्याकडे नवीन पोरं येतात, हुशार असतात, पण हातातला जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला भाग, बिघडला की पहिली धडपड तो लपवायची. चारजणांच्या देखत फसायचं आणि तिथूनच पुढे चालायचं, ही सवय त्यांना कोणी लावलेलीच नसते. तुला ती या टेबलावर लागली. दुसरं म्हणजे लहानपणी तू समोरच्याचं वाक्य मध्येच तोडून स्वतः पूर्ण करायचीस. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, झाल्यापासून ते गेलं. विचारून थांबणं हे मी तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या साहेबांकडे पाहिलं.

तुमच्या नियमांत मला सर्वांत आवडलेला नियम मदतीचा. कोणी हात लावला की दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. मी कागदावर मांडून पाहिलं. वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा वर हवे असतील तर एकट्याला 50 टक्के. दोन फाशांच्या 400 जोड्यांपैकी फक्त 100 जोड्यांत दोन्ही आकडे दहा किंवा खाली, म्हणजे सोबतीने 75 टक्के. पण तू नुसतं "मी मदत करतो" चालू द्यायची नाहीस. काय करतोस ते सांग, दोर धरतोस की दिवा? बंगळूरला तुझ्यासाठी दोर कोण धरतं, हे फोनवर विचारायचं होतं. ऑफिसातल्या ओळखी आहेत म्हणतेस, पण त्या जेवणाच्या सुट्टीपुरत्या.

जाडजूड पुस्तकं विकत घेत बसू नकोस. मूळ नियम नेटवर फुकट आहेत, 2023 पासून नियमांचा गाभा तर कोणालाही वापरायला मोकळा केलाय. तीन-चारजण जमव, एका बैठकीत संपणारी गोष्ट घे, आणि वार ठरवून टाक. "बघू कधीतरी" म्हटलं की संपलं. कोणते विषय नकोत ते आधीच बोलून घ्या. एखादा सगळी संध्याकाळ स्वतःच खाणारा निघाला तर पुढच्या वेळी बोलावू नकोस, भीड धरू नकोस.

तुझे फासे कुरिअरने पाठवतोय. पाठवायच्या आधी घट्ट मिठाच्या पाण्यात सोडून पाहिले. फासा तरंगला की टिचकी मारून फिरवायचा. दरवेळी तोच आकडा वर आला तर आत कुठेतरी बुडबुडा राहिलाय, मोल्डिंगमध्ये होतं तसं. लाल आणि पांढरा उत्तम. तुझा लाडका निळा मात्र सारखा सात दाखवतोय. तरी घातलाय डब्यात, नाहीतर भांडशील.

शेजारचा मुलगा जिन्यात भेटला की विचारतो, ताई कधी येणार, तो वकील अजून पानावर बसलाय. दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा लवकर कळव, आरक्षण मिळत नाही मग. आईने भाड्याची पावती दर महिन्याला मागून घ्यायला सांगितलंय.

तुझा,
बाबा