शाळेच्या शिबिरात मुलांच्या मापाचा पट्टा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नातीच्या शाळेत नुकतीच आरोग्य तपासणी झाली. मुलं खेळाच्या तासातून धापा टाकत आलेली, प्रत्येकाच्या दंडाला रक्तदाब मोजायचा तोच मोठ्या माणसांचा पट्टा, आणि कागदावर सगळ्यांपुढे ‘बीपी नॉर्मल’! उभा जन्म बालरुग्ण विभागात गेल्यामुळे राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

पट्टा दंडाला फार मोठा झाला की दाब असतो त्याहून कमी दिसतो. म्हणजे ज्या पोराचा खरंच वाढलाय, नेमकं तेच निसटतं. उलट गुटगुटीत दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा उगाच चढतो. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के हवी. मोजण्याआधी मुलाला पाच मिनिटं टेकून, गप्प बसवायचं (हेच सगळ्यात अवघड). शिवाय 120/80 हे माप तेरा वर्षांखालच्या मुलांना लागू नाही. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्ता पाहावा लागतो. सहा वर्षांच्या मुलाचा वरचा आकडा 118 आला तर तो जास्तच. अर्थात एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी तीनदा तरी मोजतात.

दाब वाढण्यात वजनाचा वाटा मोठा. मग मीठ. आपल्या इंदुरात सकाळी पोह्यांवर मूठभर सेव, दुपारी डब्यात नमकीन आणि सुट्टीत रात्री सराफा बाजारातली खाऊगल्ली. जागरण वर फुकट. घोरणाऱ्या मुलाचं ‘कसं गाढ झोपलंय’ म्हणून कौतुक होतं, पण झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही दाब चढतो. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं का, वजन कमी होतं का, आईवडिलांना बीपी आहे का, हे शिबिराच्या फॉर्मवर कुणी विचारतच नाही. अगदी लहान मुलाचा दाब वाढलेला असेल तर मूत्रपिंड तपासतात; महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) जन्मतः अरुंद नाही ना, हे कळावं म्हणून मांडीतली नाडीही चाचपतात.

शाळांनी दोन-तीन मापांचे पट्टे आणि तो तक्ता घेऊन ठेवावा. पट्टा कसा बांधायचा ते खेळाच्या शिक्षकांना मी शिकवीन, पैसे नकोत. शनिवारी दुपारी मी मोकळी असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
रामबाग, इंदूर