आधी काम बघा, मग मधली वर्षं विचारा

मा. संपादक, स.न.वि.वि.

सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा मी अंबड औद्योगिक वसाहतीत हिशेब विभागात होते. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नोकरी सोडली. ते गेल्यानंतर आता पुन्हा अर्ज करते आहे. मुलाखतीत बायोडेटावरून फिरणारं बोट 2021 ते 2025 या रिकाम्या जागेवर थांबतं आणि सगळा वेळ तिथेच जातो. परवा एका ठिकाणी 'आता झेपेल का?' असं विचारलं. पण खरेदी नोंदवही आणि जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणारं जीएसटीचं विवरण) यांचा मेळ घालून दाखवा, असं कुणी म्हटलं नाही. टेबलावरच्या संगणकावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडंच होतं! पाच मिनिटांत कळलं असतं.

1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री म्हणून डावलायला मनाई केली. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांपर्यंत वाढली. पण आजारी माणसाच्या सेवेसाठी घरी थांबलेल्यांनी, मग ती बाई असो की पुरुष, दाद कुठे मागायची? टाटा समूहाने 2008 मध्येच नोकरीत खंड पडलेल्या स्त्रियांना कामावर परत आणण्याचा उपक्रम सुरू केला होता. मनात आणलं तर जमतं.

'निमा' या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनेने सदस्य कारखान्यांना एवढं तरी सांगावं: आधी कामाची चाचणी घ्या. खंड चालणारच नसेल तर जाहिरातीत तसं स्पष्ट लिहा. आणि नकार असला तरी दोन ओळींनी कळवा. 'फोन करतो' म्हटल्यावर उमेदवार दुसरीकडे होकार द्यायलाही कचरतो.

– एक वाचक, सिडको, नाशिक