पाकळीचा ल आणि देठाचा श

अण्णा, सप्रेम नमस्कार.

आभार मानायचे तर वाचनालयाच्या साइटसाठी ह्युगो, म्हणजे साइटची पानं बांधून देणारं सॉफ्टवेअर, बसवून दिलंत तिथून सुरुवात करायला हवी. पण आधी त्या दोन अक्षरांचं बोलू.

साइटवर ‘वाचनालय’मधला ल आणि ‘शहापूर’मधला श हिंदी वळणाचे उमटत होते. मराठी म्हणवणाऱ्या आम्हा कुणाला ते खुपलं नाही. घरी कानडी बोलणाऱ्या तुम्हाला खुपलं! ह्युगो नवी साइट उभी करताना भाषेच्या ओळीत ‘ईएन-यूएस’, म्हणजे अमेरिकी इंग्रजी, भरून ठेवतो आणि थीम (साइटचा साचा) तेच पानाच्या लँगमध्ये, म्हणजे भाषा सांगणाऱ्या खुणेत, उतरवते. आपल्या साइटच्या नोटो सान्स देवनागरी या फॉन्टच्या पोटात मराठी वळणाची अक्षरं असतात, पण लँग ‘एमआर’, म्हणजे मराठी, असेल तरच ब्राउझर ती बाहेर काढतो. फॉन्ट बदलून काही होणार नव्हतं. तुम्ही एक ओळ बदललीत आणि महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयातला पाकळीचा ल, देठाचा श पानभर दिसू लागला. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पाटीवर कुठली भाषा वर यावरून घसा कोरडा करणारे बेळगावात दोन्हीकडे सापडतात. दुसऱ्याच्या भाषेतलं अक्षर नीट दिसावं म्हणून फाइल उघडणारा विरळाच.

याआधी साइट सांभाळणाऱ्या महाशयांनी डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर घेतलं, पासवर्ड शेवटपर्यंत दिला नाही, आणि ‘सोमवारी वाचनालय बंद’ एवढी ओळ चढवायला आठवडा लावला. पैसे मात्र वेळेवर नेले. तुम्ही पहिल्यांदा काय केलंत, तर डोमेन वाचनालयाच्या नावावर करायला लावलंत.

सकाळी दहाची सूचना दुपारपर्यंत गायब राहायची, त्याचंही मूळ तुम्हीच काढलंत. तारखेपुढे ‘+05:30’ नसेल तर ह्युगो ती वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, धरतो. मग आपले दहा त्याच्या लेखी दुपारचे साडेतीन होतात, आणि पुढच्या वेळेचं पान तो मुळात बांधतच नाही. साडेतीननंतर पुन्हा बिल्ड केल्याशिवाय ते दिसतही नाही. आता टाइमझोनच्या जागी ‘एशिया/कोलकाता’ आहे. फोटोंचंही तसंच. फाइलच्या नावातली इंग्रजी मोठी-छोटी लिपी विंडोजला सारखीच, लिनक्स सर्व्हरला नाही. म्हणून लॅपटॉपवर दिसणारा मोठ्या लिपीतला ‘जेपीजी’ फोटो साइटवर तुटायचा. आता सगळी नावं छोट्या लिपीत, मध्ये स्पेस नाही.

डेटाबेस नाही, लॉगिन नाही, नुसती तयार पानं. जांबोटीकडे पावसात रेंजची एकच दांडी उरली तरी पुस्तकांची यादी उघडते.

उन्हाळी सुट्टीची सूचना कानडी पानावरही चढवली आहे, ‘इंडेक्स डॉट केएन डॉट एमडी’ या फाइलमध्ये. मजकूर आम्हीच लिहिलाय, त्यामुळे ल आणि ळ यांची गल्लत झाली असणार. सवडीनं एकदा नजर टाका.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते