जमिनीतून निघणारा धूर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "वाडीत आता माणसं उरली किती? माळवद पाडू आणि जागा देऊन टाकू." तेव्हा मला काही बोलता आलं नाही. शनिवारी मी निकोडेमसला जाऊन आले. तेव्हापासून तुमचं बोलणं मनातून जात नाही.

निकोडेमस इथे अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत. आपल्या वाडीला जशी स्वतंत्र ग्रामपंचायत नाही, तशी या वस्तीला स्वतःची नगरपालिका नाही. चहूकडे गवताळ माळ, दक्षिणेला सॉलोमन नदी. कायम राहणारी माणसं मोजकीच.

१८७७ मध्ये केंटकीतून काळी कुटुंबं इथे आली. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झालेली. स्वतःची जमीन मिळणार, एवढ्या आशेवर एलिस स्टेशनला उतरून दोन दिवस वाट तुडवत आली. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन यांनी गाव कुठे आहे म्हणून विचारलं, तर नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. माळावर लाकूड नाही, म्हणून लोक जमीन खणून आत राहत होते! त्या बाईला रडूच कोसळलं. आई, हे वाचताना पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरणारी तू डोळ्यांसमोर आलीस. पहिल्या हिवाळ्यात ओसेज या मूळनिवासी जमातीच्या शिकाऱ्यांनी अन्न दिलं, म्हणून अनेकजण तगले.

मग शाळा झाली, चर्च झाली, दुकानं झाली. पण १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली आणि दुकानदार तिकडे बोग नावाच्या गावाला निघून गेले. तरी काही कुटुंबं हलली नाहीत. १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. जुन्या पाच इमारती उभ्या आहेत. त्यातल्या चुनखडीच्या दगडाच्या टाउनशिप हॉलमध्ये मी बराच वेळ बसून होते.

दरवर्षी जुलैच्या शेवटी बाहेरगावी गेलेल्यांची मुलं-नातवंडं इथे परत येतात. मुक्तीच्या आठवणीचा हा उत्सव सुरुवातीच्या वर्षांपासूनचा आहे. मला आपली चैत्रातली जत्रा आठवली, आणि गेली सहा वर्षं मी तिला आले नाही हेही.

बाबा, जागेचा शब्द अजून कुणाला देऊ नका. मी चैत्रात येतेय, रजा वैशाखापर्यंत घेते. यंदा माळवदावर माती मी टाकणार. आई, तू फक्त खाली उभी राहून कुठे कमी पडली ते सांग.

तुमची लेक